नाव जुने, घर नवे : डिस्क इमेज दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताना



साहित्य मंडळाच्या अंकात हा संगणकाचा धडा कशाला, असं तुमच्यापैकी काही जण विचारतील. उत्तर सोपं आहे. मंडळाचे जुने अंक, कविसंमेलनांची ध्वनिमुद्रणं आणि स्नेहसंमेलनातल्या नाटकांची चित्रणं आज कागदावर कमी आणि संगणकात जास्त आहेत. ती सांभाळायची तर थोडं संगणकाचं घरकामही शिकायला हवं. ते नीट न शिकल्यामुळे माझ्या हातून एक नुकसान झालं. ते पुढे सांगणार आहेच, पण आधी धडा.

गेल्या जूनमध्ये मंडळाच्या खोलीतल्या संगणकावर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. जागा संपत आली होती. ड्राइव्ह २४० जीबीचा आहे, म्हणजे विंडोज त्याला साधारण २२३ जीबी दाखवते. त्यातले ६० जीबीहून अधिक आपल्या संग्रहाने व्यापलेले. शेजारी डी नावाचा नवा १ टीबीचा ड्राइव्ह जवळजवळ रिकामा होता. मग संग्रह उचलून तिकडे ठेवायचा, एवढंच ना? एवढंच नाही. का, ते पाहू.

आपल्याकडे नेमकं काय आहे?

आपल्या संग्रहात डिस्क इमेज आहेत. इथे इमेज म्हणजे फोटो नव्हे. एखादी सीडी, डीव्हीडी किंवा अख्खी हार्ड डिस्क जशीच्या तशी एका मोठ्या फाइलमध्ये उतरवली, की त्या फाइलला डिस्क इमेज म्हणतात. सीडीवरच्या फाइली वेगवेगळ्या कॉपी करणं वेगळं आणि सीडीची इमेज करणं वेगळं. इमेजमध्ये पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत सगळं क्रमाने येतं. फाइली येतात, फोल्डरांची मांडणी येते, डिस्कचं नावही येतं. म्हणून नंतर ती फाइल उघडली की संगणकाला वाटतं, खरीखुरी सीडीच आत घातली आहे.

सीडीच्या इमेजला आपण आयएसओ फाइल म्हणतो. हे नाव सीडीवर फाइली कशा मांडाव्यात याच्या आयएसओ ९६६० या १९८८ सालच्या मानकावरून पडलं. सीडीची इमेज ६५०-७०० एमबीपर्यंत असते आणि एका थराच्या डीव्हीडीची जास्तीत जास्त ४.७ जीबी. आपल्याकडे १४ सीडी आणि ३ डीव्हीडींच्या इमेज होत्या.

दुसरा प्रकार मोठा आहे आणि आपल्या दृष्टीने जास्त मोलाचा. आपल्या वार्षिक अंकाची जुळणी पूर्वी पेजमेकरमध्ये व्हायची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली, आणि त्यानंतर तो कार्यक्रम थांबला. त्या काळातले मराठी फॉन्टही आजच्यासारखे नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा होती, पण डीटीपीच्या दुनियेत ते यायला बराच काळ गेला. तोवर प्रत्येक कंपनी इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवायची. कुणी ‘क’ एका कळीवर ठेवला, तर कुणी दुसऱ्या. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुना अंक उघडला, की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भाजीपाला दिसतो.

म्हणून आपला जुना संगणक अखेरची घटका मोजू लागला तेव्हा त्याच्या हार्ड डिस्कचीच इमेज करून ठेवली. त्या इमेजमध्ये जुनं विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर आहे, ते फॉन्ट आहेत आणि अंकांच्या मूळ फाइली आहेत. व्हर्च्युअलबॉक्स या कार्यक्रमात ती इमेज सुरू केली की नव्या संगणकाच्या पडद्यावर एका चौकटीत तो जुना संगणक जागा होतो. माउस फिरतो, फॉन्ट दिसतात, अंक उघडतात. आत्ता तरी ते अंक मूळ रूपात वाचण्याची आपल्याकडे तेवढीच एक वाट आहे.

नुसतं उचलून ठेवलं तर?

संगणकात प्रत्येक फाइलला पत्ता असतो. आपला संग्रह सी:\संग्रह या पत्त्यावर होता. हा पत्ता आपण एकटेच वापरत नव्हतो. व्हर्च्युअलबॉक्सने आपल्या नोंदीत लिहून ठेवलं होतं, की जुन्या संगणकाची डिस्क अमुक ठिकाणी आहे. मंडळाच्या सूचीत, म्हणजे त्या एक्सेलच्या लांबलचक तक्त्यात, प्रत्येक कार्यक्रमासमोर त्याच्या इमेजचा पूर्ण पत्ता आहे. त्यावर टिचकी मारली की इमेज उघडते. ही सूची तुमच्याआधीच्या तीन तुकड्यांनी मिळून केली आहे.

फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर ठेवला, की हे सगळे पत्ते खोटे ठरतात. सूची ‘फाइल सापडत नाही’ म्हणते. व्हर्च्युअलबॉक्स डिस्क नसल्याची तक्रार करतो. मग एकेक पत्ता हाताने बदलत बसायचं, आणि शेकडो ओळींत दोनचार चुका ठरलेल्याच.

यावर उपाय असा, की वस्तू हलवायची, पण तिचा जुना पत्ता चालू ठेवायचा. हे काम डिरेक्टरी लिंक करते. तिला मराठीत फोल्डरचा दुवा म्हणू. डिरेक्टरी हे फोल्डरचंच जुनं नाव.

पाटी आणि दार

‘मॅडम, शॉर्टकट केला की झालं की!’ असं वर्गात एकाने लगेच सांगितलं. इथेच पहिली गफलत होते, म्हणून शॉर्टकट आणि दुवा यांतला फरक नीट समजून घेऊ.

समजा, खडेबाजारातलं एक पुस्तकांचं दुकान टिळकवाडीत गेलं. जुन्या दारावर पाटी लावली, ‘दुकान टिळकवाडीत हलवले आहे.’ तुम्ही पाटी वाचता, रिक्षा करता आणि नव्या जागी पोचता. शॉर्टकट म्हणजे ही पाटी. ती माणसांसाठी असते. एखादा कार्यक्रम जुन्या पत्त्यावर आला तर त्याला दुकान मिळत नाही, फक्त पाटीचा पुठ्ठा मिळतो. शॉर्टकट ही स्वतः एक छोटी वेगळी फाइल आहे, आणि बहुतेक कार्यक्रम तिच्यातून पलीकडे जात नाहीत.

आता गोष्टीतल्यासारखी कल्पना करा. खडेबाजारातलं तेच जुनं दार ढकललं की पाऊल थेट टिळकवाडीच्या दुकानात पडतं. गिऱ्हाइकाला कळतही नाही की आपण दुसऱ्या भागात आलो. हा झाला दुवा. कार्यक्रम सी:\संग्रह उघडतो, विंडोज आतल्या आत त्याला डी:\संग्रह मध्ये नेऊन सोडते, आणि कार्यक्रमाला पत्ता बदलल्याचा पत्ताच लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. युनिक्सच्या बर्कलीहून आलेल्या ४.२ बीएसडी या १९८३ सालच्या आवृत्तीत असे दुवे होते. विंडोजमध्ये फोल्डरांचे दुवे विंडोज २००० पासून करता येऊ लागले आणि व्हिस्टापासून त्यांच्यासाठी साधी आज्ञाही मिळाली.

दुव्यांचे तीन प्रकार

एक, जंक्शन. जंक्शन म्हटलं की आपल्याला लोंढा आठवतं, जिथे गोव्याची वाट फुटते. इथलं जंक्शनही तसंच काम करतं. सी ड्राइव्हवरून निघालेली गाडी डी ड्राइव्हच्या रुळांवर घालतं. ते फक्त फोल्डरसाठी असतं आणि त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हपर्यंतच जातं, नेटवर्कवरच्या संगणकापर्यंत नाही. ते करायला प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. आपल्या कामाला हाच प्रकार योग्य.

दोन, सिम्बॉलिक लिंक. ही फोल्डरची होते, फाइलचीही होते आणि नेटवर्कवरच्या ठिकाणाकडेही बोट दाखवू शकते. पण विंडोजमध्ये ती करायला सहसा प्रशासकाचे अधिकार लागतात.

तीन, हार्ड लिंक. ही एकाच ड्राइव्हवरच्या फाइलला दुसरं नाव देते. दोन ड्राइव्हमध्ये ती चालत नाही, म्हणून आपल्या उपयोगाची नाही. नाव माहीत असू द्या, म्हणजे घोटाळा होणार नाही.

प्रत्यक्ष कृती

खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. फोल्डरांची नावंही साधी, इंग्रजी अक्षरांत ठेवा. विंडोजला देवनागरी नावं चालतात, पण काही जुने कार्यक्रम त्यांवर अडखळतात. नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा.

१. सगळं बंद करा. व्हर्च्युअलबॉक्समधला जुना संगणक त्याच्या आतून, रीतसर शट डाउन करून बंद करा. नुसता गोठवून ठेवू नका. एखादी आयएसओ फाइल सीडीसारखी उघडून ठेवली असेल तर ती इजेक्ट करा. उघड्या इमेजची कॉपी अर्धवट होऊ शकते.

२. नवा ड्राइव्ह तपासा. जागा पुरेशी आहे का पाहा. मग ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा आणि फाइल सिस्टिम वाचा. तिथे एनटीएफएस असेल तर उत्तम. फॅट३२ असेल तर थांबा, कारण त्यात एकच फाइल ४ जीबीपर्यंत मोठी होऊ शकत नाही. आपली डीव्हीडीची इमेज आणि जुन्या संगणकाची डिस्क तिथे मावणारच नाहीत. पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा का जात नाही, याचंही कारण बहुधा हेच असतं.

३. कट करू नका, कॉपी करा. मोठं सामान कट-पेस्ट करताना मध्येच लाइट गेली, तर काय इकडे राहिलं आणि काय तिकडे पोचलं हे शोधत बसावं लागतं. कॉपी करताना मूळ सामान जागेवरच असतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून अशी आज्ञा द्या :

रोबोकॉपी सी:\संग्रह डी:\संग्रह /ई

रोबोकॉपी हा विंडोजबरोबरच येणारा कॉपीचा कार्यक्रम आहे. ‘/ई’ म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा, घेऊन जा. इंटरनेटवर कुणी ‘/एमआयआर’ लावायला सांगितलं तर लावू नका. त्याने पलीकडचा फोल्डर अगदी अलीकडच्यासारखा केला जातो, म्हणजे पलीकडे आधीपासून जास्तीचं काही असेल तर ते पुसलं जातं.

४. पडताळणी करा. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि आकार जुळतो का पाहा. मोलाच्या इमेजची तपासणी आणखी बारकाईने करता येते :

सर्टयुटिल -हॅशफाइल डी:\संग्रह\सीडी०७.आयएसओ एसएचए२५६

संगणक ६४ अक्षर-अंकांची एक ओळ देतो. ती त्या फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी समजा. सी ड्राइव्हवरच्या मूळ फाइलचा ठसाही असाच काढा. दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या आल्या तर कॉपी बरोबर झाली. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला असेल तरी ओळ पार वेगळी येते.

५. जुन्या फोल्डरचं नाव बदला. सी:\संग्रह हे सी:\संग्रह-जुना करा. अजून पुसू नका. ज्या नावाचा दुवा करायचा ते नाव मोकळं असावं लागतं, नाहीतर ‘या नावाचं आधीच आहे’ अशी तक्रार येते.

६. दुवा करा. कमांड प्रॉम्प्टमध्येच लिहा :

एमकेलिंक /जे सी:\संग्रह डी:\संग्रह

‘/जे’ म्हणजे जंक्शन. क्रम लक्षात ठेवा. आधी नवं दार, मग खरं घर. लिनक्सवर काम करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते, कारण तिथल्या ‘एलएन -एस’ या आज्ञेत क्रम उलटा आहे, आधी घर आणि मग दार. आणखी एक. ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टची स्वतःची आहे. पॉवरशेलच्या निळ्या खिडकीत ती तशीच लिहिली तर चालत नाही.

७. दार उघडून पाहा. सी ड्राइव्हवर ‘डीआयआर’ ही आज्ञा दिली, की फोल्डरच्या नावाआधी जंक्शन असा शब्द आणि नावानंतर चौकटी कंसात खरा पत्ता दिसतो. मग सूचीतल्या दोनचार टिचक्या मारा. व्हर्च्युअलबॉक्समधला जुना संगणक सुरू करा. त्यात एखादा जुना अंक उघडून दोन पानं वाचा. नुसतं ‘सुरू झालं’ एवढ्यावर समाधान मानू नका.

८. आठवडाभर थांबा. सगळं सुरळीत चाललं आणि दुसरी प्रत वेगळीकडे ठेवून झाली, की मगच संग्रह-जुना पुसा.

एक सूचना राहिली. व्हर्च्युअलबॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत यंत्र हलवण्याची स्वतःची सोय आहे. फक्त तेवढंच हलवायचं असेल तर ती सोय वापरा. एखाद्या कार्यक्रमाने स्वतःची वाट दिली असेल तर ती आधी घ्यावी. आपलं तसं नव्हतं. सीडींच्या इमेज, जुना संगणक आणि सूची एकाच फोल्डरच्या आधाराने उभी होती, म्हणून अख्ख्या फोल्डरचा दुवा केला.

माझी चूक

आठव्या पायरीतलं ‘दुसरी प्रत वेगळीकडे ठेवून झाली’ हे वाक्य मी आता लिहिलंय. जूनमध्ये ते माझ्या डोक्यात नव्हतं.

जूनमध्ये सगळं छान झालं. लाल पट्टी निळी झाली. आठवड्याने मी जुना फोल्डर पुसला आणि विसरले. दुवा केल्याचं कुठे लिहून ठेवलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

ऑगस्टमध्ये आपल्यातलाच एक विद्यार्थी संगणकाची साफसफाई करायला बसला. मुलगा मनापासून काम करणारा. त्याने सी:\संग्रह उघडला, डी:\संग्रह उघडला. दोन्हीकडे त्याच फाइली, तेच आकार, त्याच तारखा. एवढी जागा दोनदा कशाला अडवायची, असा विचार करून त्याने सीमधल्या तीन मोठ्या फाइली निवडल्या. जागा लगेच मोकळी व्हावी म्हणून शिफ्ट दाबून डिलीट केलं. त्यामुळे त्या रिसायकल बिनमध्येही गेल्या नाहीत. मग त्याला दिसलं, की सीवरची जागा मुळीच वाढली नाही, आणि डीमधूनही त्या तीन फाइली गेल्या आहेत.

तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरला होता. ‘मॅडम, दोन्हीकडं तेच होतं की. म्हणून एक काढलं.’

त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. दोन्हीकडे ‘तेच’ होतं हे अगदी खरं होतं. अक्षरशः तेच! दोन दारं होती, घर एकच. एका दाराने आत जाऊन कपाट रिकामं केलं, तर दुसऱ्या दाराने आलेल्याला ते भरलेलं कसं दिसेल? हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. सांगणं माझं काम होतं.

त्या तीन फाइली डीव्हीडींच्या इमेज होत्या. मूळ डीव्हीडी कपाटात होत्या, म्हणून जीव भांड्यात पडला. पहिल्या दोन पुन्हा वाचता आल्या. तिसरी शेवटाकडे अडली. डिस्कवरचा मजकूर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे लिहिला जातो, आणि हाताळणीत बाहेरची कडच जास्त खराब होते. त्या डीव्हीडीवर मंडळाचं एक जुनं कविसंमेलन आहे. ते सुरुवातीपासून दिसतं, ऐकू येतं, आणि शेवटची साधारण २० मिनिटं येतच नाहीत. त्या २० मिनिटांत मंडळाच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी आपली कविता वाचली होती. ते आता हयात नाहीत. कविता छापलेली आहे, आपल्या अंकातही आली होती. पण ते एका ओळीवर थांबून चष्मा पुसायचे आणि मग पुढची ओळ म्हणायचे, ते आता कुठेच नाही.

इमेज होती तेव्हा मूळ डीव्हीडीची काळजी वाटत नव्हती. दुवा केला तेव्हा दोन ठिकाणी दिसतंय म्हणून मनाला बरं वाटत होतं. दोन्ही वेळा प्रत एकच होती.

पथ्ये

म्हणून ही पथ्यं पाठ करा.

दुवा म्हणजे प्रत नव्हे. दुव्याने पत्ता वाचतो, वस्तू वाचत नाही. वस्तू वाचवायला दुसरी खरी प्रत हवी, तीही दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या खोलीत. आपण आता एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आहे. महिन्यातून एकदा प्रत काढून ती ग्रंथालयाच्या कपाटात ठेवतो.

दुव्याच्या आतलं काही पुसलं की खरं पुसलं जातं. दुवाच काढायचा असेल तर ‘आरडी सी:\संग्रह’ एवढीच आज्ञा द्या, पुढे ‘/एस’ जोडू नका. त्याने फक्त दार निघतं, घर जागेवर राहतं. ‘डीईएल’ ही आज्ञा दुव्यावर कधीही वापरू नका. ती आतल्या फाइलींना हात घालते.

बाहेरच्या डिस्ककडे दुवा करताना जपून. ती काढली की दार भिंतीवर उघडतं. पुन्हा जोडल्यावर तिला डीऐवजी ई हे अक्षर मिळालं तरी तेच होतं. करायचाच असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिचं अक्षर पक्कं करा.

दुव्याकडे आणखी दुवा करू नका. एका दारातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आपणच वाट चुकतो.

बॅकअप घेणाऱ्या कार्यक्रमाला दुवा दिसल्यावर तो काय करतो, ते तपासा. काही आत जाऊन फाइली घेतात, तर काही दार बघून पुढे जातात. प्रत खऱ्या घरातूनच, म्हणजे डी:\संग्रह मधूनच काढा, म्हणजे प्रश्न उरत नाही.

आणि शेवटचं, लिहून ठेवा. आता डी:\संग्रह मध्ये सगळ्यात वर ‘आधी हे वाचा’ नावाची साधी मजकूर फाइल आहे. त्यात चार ओळी आहेत : दुवा कुठे आहे, खरं घर कुठे आहे, कधी केला, दुसरी प्रत कुठे आहे. या चार ओळी जूनमध्ये लिहायला मला पाच मिनिटं लागली असती.

अभ्यास

मोलाच्या फाइलींना हात लावण्याआधी हे घरी करून पाहा. एकाच ड्राइव्हवरही चालेल.

१. ‘घर’ नावाचा फोल्डर करा. त्यात आपल्या आवडत्या लेखकांची नावं लिहिलेली एक मजकूर फाइल ठेवा. मग ‘दार’ नावाचं जंक्शन करून ते ‘घर’कडे वळवा.

२. ‘दार’मधून फाइल उघडा, एक नाव वाढवा आणि जतन करा. आता तीच फाइल ‘घर’मधून उघडा. काय दिसतं? का?

३. ‘घर’चा एक साधा शॉर्टकटही करा. ‘डीआयआर’ आज्ञेत शॉर्टकट कसा दिसतो आणि जंक्शन कसं, ते वहीत लिहा.

४. ‘घर’चं नाव बदलून ‘वाडा’ करा आणि मग ‘दार’ उघडून पाहा. आलेली तक्रार वाचा. बाहेरची डिस्क काढल्यावर काय होईल, हे त्यावरून सांगा.

५. ‘आरडी’ने ‘दार’ काढा. ‘वाडा’मधली फाइल शाबूत आहे याची खात्री करा.

हे पाचही जमले, की मंडळाच्या संगणकाला हात लावायची तुम्हाला परवानगी. त्या ऑगस्टमधल्या मुलाने ते सर्वांत आधी केले. संग्रहाची महिन्याची प्रत आता तोच काढतो, आणि दर वेळी ठसे जुळवून पाहतो.

एक विनंती. त्या कविसंमेलनाचं चित्रण त्या वेळी आणखी कुणी केलं असेल, कुणाच्या घरी एखादी सीडी, कॅसेट किंवा कॅमेऱ्याची टेप पडून असेल, तर मंडळाच्या खोलीत आणून द्या. आपण तिची इमेज करू आणि मूळ वस्तू जशीच्या तशी परत देऊ. शेवटची वीस मिनिटं कदाचित अजून कुणाच्या तरी कपाटात असतील.